सिमला ऑफिस आणि वाऱ्याचा हिशेब

पुण्यात शिवाजीनगरला 'सिमला ऑफिस' नावाचा एक बसस्टॉप आहे. गावात नव्याने आलेली माणसं हमखास विचारतात, इथे सिमल्याचं काय आहे हो? हिमाचल टूरिझमचं ऑफिस वगैरे आहे का? त्यावर जुना पुणेकर "वेधशाळा" एवढा एकच शब्द बोलतो आणि चालू लागतो. (याहून जास्त माहिती फुकटात दिली तर तो पुणेकर कसला!) तर सिमला ऑफिस म्हणजे भारतीय हवामान खात्याचं कार्यालय. खात्याचं मुख्यालय आधी सिमल्याला होतं. १९२८ साली ते पुण्याला हललं आणि येताना गावाचं नाव बरोबर घेऊन आलं. पुढे १९४४ मध्ये मुख्यालय दिल्लीला गेलं, पण नाव इथेच राहिलं.

आजचा विषय मात्र ती इमारत नाही. विषय आहे त्या खात्याचा एक साहेब, जो पुण्याच्या या ऑफिसात कधी बसलाच नाही, कारण खातं इथे येण्याच्या चार वर्षं आधीच तो निवृत्त होऊन विलायतेला परत गेला होता. सर गिल्बर्ट वॉकर. १९०४ ते १९२४ अशी वीस वर्षं तो खात्याचा प्रमुख होता. त्याच्याकडे एकच प्रश्न सोपवला होता: येत्या पावसाळ्यात पाऊस नीट पडेल का? हा प्रश्न त्याला काही सुटला नाही. पण तो सोडवता सोडवता पृथ्वीवरच्या वाऱ्यांबद्दलची एक अशी गोष्ट त्याच्या हाती लागली की जिचा अर्थ लागायला जगाला आणखी पंचेचाळीस वर्षं जावी लागली.

आधी हा प्रश्न सरकारला पडला कुठून, ते बघू.

१८७६ साली दख्खनमध्ये पावसाने दगा दिला. १८७७ मध्ये तर जवळजवळ सगळ्या देशावर दिला. ब्रिटिश मुलखातल्या मृत्यूंचा नेहमी दिला जाणारा अंदाज पंचावन्न लाखांचा आहे. पुण्याजवळ धनकवडीला जोतिराव फुले आणि सत्यशोधक समाजाच्या मंडळींनी दुष्काळातल्या मुलांना जेवू घालायची सोय केली, ती याच वेळी. वासुदेव बळवंत फडके उद्ध्वस्त गावं बघून आले आणि १८७९ मध्ये बंडाला उभे राहिले, त्यामागेही हाच दुष्काळ होता. एवढं सगळं होत असताना बंदरांतून धान्याची निर्यात चालूच होती. म्हणजे पीक गेलं ते वाऱ्यामुळे. माणसं गेली त्यात धोरणाचाही मोठा वाटा होता. हे वाक्य लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

हवामान खातं १८७५ सालीच सुरू झालं होतं आणि हेन्री ब्लॅनफर्ड त्याचा पहिला प्रमुख होता. दुष्काळानंतर सरकारने त्याला विचारलं, की हे आधी कळू शकतं का? ब्लॅनफर्डने बरीच नोंदवह्यांची उलथापालथ केली आणि एक सूत्र काढलं: हिमालयात हिवाळ्या-वसंतात बर्फ जास्त पडलं की पुढचा पाऊस कमी पडतो. १८८२ ते १८८५ असे प्रायोगिक अंदाज देऊन १८८६ पासून त्याने ते रीतसर द्यायला सुरुवात केली. त्याच्यानंतर आलेल्या जॉन एलियटने बर्फाला आणखी बऱ्याच गोष्टींची जोड दिली, अंदाज लांबलचक झाले, आणि १८९९ साली खात्याने सांगितलं की यंदा पाऊस चांगला होईल. त्या वर्षी पडला तो भयानक दुष्काळ. गुजरात-राजस्थानात अजूनही त्याला 'छप्पनिया' म्हणतात, विक्रम संवत १९५६ वरून. वर्तमानपत्रांनी खात्याची अशी काही धुलाई केली की नंतर काही काळ अंदाज गोपनीयच ठेवले गेले.

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात प्रॉडक्शनमध्ये काही फुटलं की आधीच्या माणसाला बदलून नवा माणूस आणतात. इथेही एलियट निवृत्त झाला आणि नवा माणूस आला.

*

पण वॉकरने हे काम हातात घेतलं तेव्हा जगाला वाऱ्याबद्दल एकंदर काय माहीत होतं? इथे थोडं मागे जायला हवं.

शाळेच्या भूगोलात आपण सगळ्यांनी 'व्यापारी वारे' घोकलेले आहेत. विषुववृत्ताच्या उत्तरेला ते ईशान्येकडून वाहतात, दक्षिणेला आग्नेयेकडून. व्यापारी जहाजांना उपयोगी म्हणून व्यापारी, असं आपल्याला सांगितलेलं असतं. गंमत म्हणजे हे नाव भाषांतराच्या गोंधळातून आलंय. इंग्रजीतला 'ट्रेड' हा शब्द इथे मुळात 'वाट' किंवा 'माग' या जुन्या अर्थाचा. वारा 'ट्रेड' वाहतो म्हणजे ठरल्या वाटेने, न चुकता वाहतो. त्या शब्दाचा व्यापार हा अर्थ नंतर रूढ झाला आणि आपण त्याच अर्थाने तो मराठीत आणला. 'मोसमी' शब्दाचं मात्र ठीक आहे. अरबी 'मौसिम' म्हणजे ऋतू, त्यावरून आपला मोसम, आणि त्यावरूनच पोर्तुगीजांमार्फत इंग्रजांचा मान्सून.

या वाऱ्यांचा पहिला मोठा हिशेब मांडला एडमंड हॅलीने. हो, तोच, धूमकेतूवाला. तरुणपणी तो वर्षभर दक्षिण अटलांटिकमधल्या सेंट हेलेना बेटावर तारे मोजत राहिला होता. तिथे कुठल्या वाऱ्याला तोंड द्यावं लागतं हे त्याने अंगावर घेतलेलं होतं. १६८६ मध्ये त्याने खलाशांकडच्या माहितीवरून उष्ण कटिबंधातल्या वाऱ्यांचा नकाशा छापला. हवामानाचा पहिला नकाशा म्हणून तोच ओळखला जातो. त्याचं म्हणणं असं, की जिथे ऊन जास्त तिथली हवा तापून वर जाते आणि तिची जागा घ्यायला आजूबाजूची थंड हवा धावते. कोकणात राहिलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. दुपारी समुद्राकडून खारे वारे येतात, कारण जमीन तापलेली असते. रात्री जमीन लवकर निवते आणि पहाटे मतलई वारे समुद्राकडे वाहतात. कोळी लोकांच्या शिडाच्या होड्या पहाटे या मतलईवरच बाहेर पडत. हॅलीने हाच नियम उचलून मान्सूनला लावला. उन्हाळ्यात आख्खा आशिया तापतो, म्हणून आख्खा हिंदी महासागर त्याच्याकडे वाहतो. आपल्या शाळेच्या पुस्तकात अजून साधारण हेच आहे.

पण व्यापारी वारे सरळ उत्तर-दक्षिण न वाहता तिरके का वाहतात, याचं हॅलीचं उत्तर चुकलं. सूर्य पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकतो आणि हवा त्याच्या मागे मागे धावते, असं त्याला वाटलं.

याचं जवळपास बरोबर उत्तर दिलं जॉर्ज हॅडली नावाच्या एका वकिलाने, १७३५ साली, जेमतेम पाच पानांत. (हॅली आणि हॅडली, नावांचा घोळ करू नका.) त्याचा विचार इतका सोपा आहे की आपणही करू शकतो. पृथ्वी फिरते तेव्हा विषुववृत्तावरची जमीन ताशी सुमारे १,६७० किलोमीटरने पूर्वेकडे जात असते. मुंबईच्या अक्षांशावर तेच वर्तुळ लहान असल्याने वेग पडतो सुमारे १,५८०. आता मुंबईच्या अक्षांशावरची हवा विषुववृत्ताकडे निघाली तर ती आपला कमी वेग बरोबर घेऊन जाणार आणि तिथल्या जमिनीच्या मागे पडणार. तिथे उभ्या असलेल्या माणसाला वाटणार, वारा पूर्वेकडून येतोय! रिक्षातून हात बाहेर काढल्यावर समोरून वारा लागतो, तसंच. बाकीचं चक्रही त्याने सांगितलं: विषुववृत्तावर हवा वर चढते, उंचावरून ध्रुवांकडे जाते, खाली उतरते आणि परत येते. एवढा ताशी नव्वद किलोमीटरचा वारा रोज लागत नाही, कारण वाटेत जमीन-पाणी घासून त्याचा वेग मारतात, हेही त्याच्या लक्षात आलं होतं.

आणि या पाच पानांचं काय झालं? काहीच नाही. जवळपास साठ वर्षं कोणी फारशी दखल घेतली नाही. १७९३ मध्ये जॉन डाल्टनने, तोच अणुवाला, स्वतंत्रपणे तीच गोष्ट शोधली आणि नंतर त्याला कळलं की हे हॅडली आधीच लिहून बसलाय. माझ्या मते याचं कारण सरळ आहे. हॅडलीकडे यंत्रणा होती, पण आकडे नव्हते. उंचावरचा वारा कोणी मोजलेला नव्हता. ताडून बघायचं कशावर?

हॅडलीच्या हिशेबातही एक चूक होती. हवेचा सरळ वेग टिकतो असं त्याने धरलं. खरं तर टिकतो तो कोनीय संवेग. शिवाय फक्त उत्तर-दक्षिण जाणारीच नव्हे, कुठल्याही दिशेला निघालेली हवा वळते. उत्तर गोलार्धात उजवीकडे, दक्षिणेत डावीकडे. हे वाऱ्याला लावून दाखवलं विल्यम फेरेल या अमेरिकेतल्या एका शाळामास्तराने, १८५६ मध्ये, आणि तेही नॅशव्हिलच्या एका वैद्यकीय नियतकालिकात! फेरेलनंतर जगाच्या वाऱ्यांचा आराखडा बराचसा जागेवर आला.

त्या आराखड्यात आपला मान्सून कुठे बसतो, हे बघण्यासारखं आहे. उन्हाळ्यात उत्तरेचे आणि दक्षिणेचे व्यापारी वारे जिथे भेटतात तो पट्टा विषुववृत्त सोडून थेट गंगेच्या मैदानापर्यंत वर सरकतो. त्यामुळे दक्षिण गोलार्धातले आग्नेय व्यापारी वारे विषुववृत्त ओलांडतात, आणि ओलांडल्याबरोबर नियम बदलतो: डावीकडे वळणारे आता उजवीकडे वळतात. तेच आपले नैऋत्य मोसमी वारे. म्हणजे जूनमध्ये रत्नागिरीला आपली छत्री उलटी करणारा वारा मादागास्करच्या बाजूने आलेला असतो. स्थानिक वाटणारा वारा असा मुळात जगाचा असतो. वॉकरच्याच हाताखाली सिमल्याला काम केलेल्या जॉर्ज सिम्पसनने १९२१ मध्ये एक बिनतोड मुद्दा काढला होता. नुसती जमीन तापल्याने मान्सून येत असता तर मे महिन्यात, जमीन सर्वांत तापलेली असताना, तो सर्वांत जोरात हवा होता. आणि दुष्काळाच्या वर्षी तर जमीन जास्तच तापलेली असते! म्हणजे खारे वारे मोठे केले की मान्सून होतो, इतकं ते सोपं नाही.

*

आता वॉकर.

आपल्याकडे रँग्लर परांजपे सगळ्यांना माहीत आहेत. केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत १८९९ साली ते सीनियर रँग्लर झाले. त्याच्या बरोबर दहा वर्षं आधी, १८८९ मध्ये, हा मान वॉकरने मिळवला होता. नंतर तब्येत बिघडली, स्वित्झर्लंडला हवापालट झाला, तिथे स्केटिंगचा नाद लागला. बासरीचं शास्त्र, पक्ष्यांचं उडणं आणि बूमरँग हेही नाद होते. बूमरँगवर तर त्याने रॉयल सोसायटीत पेपर लिहिला आणि मित्रांत 'बूमरँग वॉकर' म्हणून प्रसिद्ध झाला. हवामानशास्त्र मात्र त्याच्या खात्यात शून्य. असा माणूस १९०३ मध्ये भारतात आला आणि १९०४ पासून हवामान खात्याचा प्रमुख झाला.

त्याने परिस्थिती बघितली आणि ठरवलं, की समीकरणं मांडून वारा सोडवणं आपल्या हयातीत जमणारं नाही. त्यापेक्षा आकड्यांनाच विचारावं. तारायंत्रामुळे आणि साम्राज्यांच्या कारभारामुळे जगभरच्या ठाण्यांवरून हवेचा दाब, तापमान, पाऊस यांच्या नोंदी येत होत्या. मॉरिशसचा दाब, दक्षिण अमेरिकेतला दाब, झांझिबारचा पाऊस, नाईलचा पूर, हिमालयातलं बर्फ. यातली प्रत्येक गोष्ट भारतातल्या पावसाबरोबर किती प्रमाणात वर-खाली होते ते काढायचं. आज याला सहसंबंध म्हणतात आणि कुठल्याही स्प्रेडशीटमध्ये एका फंक्शनने येतो. तेव्हा तो हातानेच काढायचा. सिमल्यात भारतीय कारकुनांचा ताफा हेच करत असे: वजाबाक्या, गुणाकार, बेरजा, वर्गमुळं, आणि मग पुढचं ठाणं. त्या काळी 'कॉम्प्युटर' हे यंत्राचं नव्हे, अशा माणसाच्या हुद्द्याचं नाव होतं. आमच्या व्यवसायाचे खरे पूर्वज हेच. त्यांतल्या बहुतेकांची नावं आज कोणाला आठवत नाहीत.

वॉकरबद्दल मला सर्वांत आदर वाटतो तो त्याच्या १९१४ च्या एका लेखामुळे. अशा शोधात फसगत कुठे होते, ते त्याने स्वतःच सांगून ठेवलं. हजार माणसांना प्रत्येकी दहा वेळा नाणं उडवायला सांगा. त्यातल्या एखाद्याला दहाच्या दहा छापे पडण्याची बरीच शक्यता असते. म्हणून तो काही सिद्धपुरुष होत नाही. तसंच शंभर ठाणी धुंडाळून त्यातला सर्वांत मोठा सहसंबंध उचललात, तर तो नुसत्या योगायोगानेही चांगला भरभक्कम दिसेल. हे कोणालाही दहा ओळींच्या प्रोग्रॅममध्ये करून बघता येईल: तीस वर्षांचा पाऊस म्हणून तीस यादृच्छिक आकडे घ्या, त्यांच्याशी तशाच शंभर यादृच्छिक रांगा ताडून बघा. त्यातला सर्वांत चांगला सहसंबंध ०.५ च्या आसपास येतो. कशाचा कशाशी संबंध नसताना! म्हणून वॉकर म्हणाला, किती ठिकाणी शोधलं तेही मोजा, आणि त्या मानाने कसोटी कडक करा. आज मशीन लर्निंगवाल्यांना हा धडा पहिल्या महिन्यात देतात आणि दुसऱ्या महिन्यात ते विसरतात.

(जाता जाता एक गोष्ट. फेब्रुवारी १९१३ मध्ये वॉकर मद्रासला गेला असताना त्याला पोर्ट ट्रस्टमधल्या एका कारकुनाच्या गणिताच्या वह्या दाखवल्या गेल्या. त्याने मद्रास विद्यापीठाला पत्र लिहून शिफारस केली आणि त्या कारकुनाला महिना ७५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. कारकुनाचं नाव श्रीनिवास रामानुजन. हवामान खात्याने केलेलं हे सर्वांत अचूक भाकीत म्हणायला हरकत नाही.)

तर या सगळ्या चाळणीतून शेवटी काय राहिलं? १९२३-२४ मध्ये वॉकरने मांडलं, की जगाच्या हवेत तीन मोठे झोके दिसतात. एक उत्तर अटलांटिकवर, एक उत्तर पॅसिफिकवर, आणि सर्वांत मोठा तिसरा, ज्याला त्याने 'सदर्न ऑसिलेशन' म्हटलं, म्हणजे दक्षिणी आंदोलन. पॅसिफिक महासागरावर हवेचा दाब वाढला की हिंदी महासागराच्या बाजूला, कैरोपासून मॉरिशस-डार्विनपर्यंत, तो कमी होतो; आणि उलटही. दोन महासागर म्हणजे जणू लहान मुलांची सी-सॉ. एक टोक वर गेलं की दुसरं खाली. त्याआधी काहींना याच्या खाणाखुणा दिसल्या होत्या. ऑस्ट्रेलियात चार्ल्स टॉडच्या लक्षात आलं होतं की आमचा दुष्काळ आणि भारतातला दुष्काळ बऱ्याचदा एकदमच येतात. पण आख्ख्या सी-सॉचं मोजमाप पहिल्यांदा वॉकरने केलं.

आणि इथेच त्याचं दुर्दैव बघा. या झोक्याची पावसाळ्यानंतरच्या हवामानाशी सांगड चांगली लागत होती. पावसाळ्याआधीच्या महिन्यांत मात्र ती ढिली पडत होती. म्हणजे पुढे काय होणार हे मान्सूनवरून थोडंफार सांगता येत होतं, पण मान्सूनचं काय होणार हे आधी सांगणं कठीणच राहिलं. नेमक्या ज्या कामासाठी त्याला आणलं होतं, त्याच कामाला शोधाचा उपयोग कमी. १९२४ मध्ये तो निवृत्त झाला, 'सर' झाला, लंडनला इम्पीरियल कॉलेजात प्राध्यापक झाला. डार्विनच्या दाबाच्या आकड्यांवर काम करताना १९३१ मध्ये त्याने जी समीकरणं मांडली त्यांना आज यूल-वॉकर समीकरणं म्हणतात. मोबाइलमध्ये आवाज दाबून पाठवण्याच्या पद्धतींत त्याच जातीची समीकरणं सोडवली जातात. म्हणजे मान्सूनच्या नादात निघालेलं गणित आपण रोज कानाला लावून फिरतो.

*

लोकांचा मात्र वॉकरवर विश्वास बसेना. अमेरिका आणि भारत यांच्या मधे अर्धी पृथ्वी, आणि तिथल्या दाबाचा इथल्या पावसाशी संबंध? कसा? या 'कसा'ला वॉकरकडे उत्तर नव्हतं. हॅडलीकडे यंत्रणा होती, आकडे नव्हते. वॉकरकडे आकडे होते, यंत्रणा नव्हती. ४ नोव्हेंबर १९५८ ला तो वारला तेव्हा त्याच्या मृत्युलेखातही सभ्य शब्दांत हेच म्हटलं गेलं, की एवढ्या संबंधांतून जागतिक हवामानाचा सिद्धांत उभा राहील अशी त्याला आशा असावी, पण तसं होताना काही दिसत नाही.

तसं व्हायला मग अकराच वर्षं लागली. १९६९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या याकोब बियर्कनेसने सी-सॉची दांडी कुठे आहे ते दाखवलं: समुद्रात. पॅसिफिकवर व्यापारी वारे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतात आणि वरचं गरम पाणी इंडोनेशियाकडे ढकलत नेतात. एवढं, की तिथली समुद्राची पातळी दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यापेक्षा जवळपास अर्धा मीटर उंच असते. गरम पाण्यावर हवा वर चढते, पाऊस पडतो. तीच हवा उंचावरून पूर्वेकडे जाऊन पेरूजवळच्या थंड पाण्यावर उतरते. हॅडलीचं चक्र उत्तर-दक्षिण. हे चक्र पूर्व-पश्चिम. कधी कधी वारे मंदावतात, गरम पाणी परत पूर्वेकडे पसरतं. पेरूच्या कोळ्यांनी नाताळच्या सुमारास येणाऱ्या या गरम प्रवाहाला बाळ येशूवरून 'एल निनो' नाव ठेवलंच होतं. पाणी सरकलं की हवा वर चढण्याची जागाही पूर्वेकडे सरकते, आणि इंडोनेशिया-भारताच्या बाजूला हवा वर चढायच्या ऐवजी खाली दाबली जाते. खाली उतरणाऱ्या हवेत ढग नीट धरत नाहीत. संपलं. वारा पाण्याला ढकलतो आणि पाणी वाऱ्याला. बियर्कनेसने या चक्राला नाव दिलं 'वॉकर सर्क्युलेशन'. असा मान देणारे शास्त्रज्ञ फार नसतात.

त्यानंतर तीनच वर्षांनी त्याची प्रचिती आपल्याला आली. १९७२. माझी आजी त्या वर्षाचं नाव काढलं की मिलोबद्दल बोलायची. अमेरिकेतून आलेली ती लाल ज्वारी, तिची भाकरी घशाखाली उतरत नसे. कामावर मिळणारी सुकडी, पाझर तलावाची खोदाई, खडी फोडणाऱ्या बायांच्या रांगा, हे महाराष्ट्रातल्या प्रत्येक घराला माहीत आहे. त्याच वर्षी तिकडे पेरूच्या किनाऱ्यावर समुद्र तापला आणि तिथला अँकोव्ही माशांचा अवाढव्य धंदा कोसळला. पेरूचा कोळी आणि बीडचा शेतकरी एकाच वाऱ्याच्या दोन टोकांना होते आणि दोघांनाही एकमेकांचा पत्ता नव्हता. १८७७ आणि १८९९ हीसुद्धा एल निनोची वर्षं होती, हे आता आपल्याला माहीत आहे. एलियटला ते कळायला काहीच मार्ग नव्हता.

पण १८७७ आणि १९७२ मध्ये एक फरक आहे. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर जवळपास पन्नास लाख माणसं होती. हाल प्रचंड झाले, गुरं गेली, गावं ओस पडली. पण लाखोंनी माणसं मेली नाहीत. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना याच दुष्काळात उभी राहिली आणि २००५ च्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्याचं मूळही तिच्यातच आहे. वारा दोन्ही वेळा तसाच फिरला होता. अंदाज दोन्ही वेळा हाताशी नव्हता. खाली व्यवस्था वेगळी होती.

अंदाजाची गोष्ट पुढेही वळणावळणाचीच आहे. १९८८ पासून हवामान खातं वसंत गोवारीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बसवलेलं सोळा घटकांचं मॉडेल वापरू लागलं. आपल्या पेपरांत तेव्हा 'गोवारीकर मॉडेल' हा शब्द क्रिकेटच्या स्कोअरइतका ओळखीचा होता. वर्षामागून वर्षं 'पाऊस सर्वसाधारण' हे भाकीत खरं ठरत गेलं. १९९७ मध्ये शतकातला एक सर्वांत जोरदार एल निनो आला, सगळे धास्तावले, आणि पाऊस पडला सरासरीच्या १०२ टक्के! उलट २००२ मध्ये एल निनो त्या मानाने साधारण, अंदाज १०१ टक्क्यांचा, आणि प्रत्यक्षात ८१ टक्के. त्या जुलैत पाऊस सरासरीच्या जवळपास निम्माच झाला. पुढच्याच वर्षी सोळा घटकांचं मॉडेल बदललं गेलं.

यात गोवारीकरांची हेटाळणी करायचं काहीच कारण नाही. सोळा दोऱ्यांनी बांधलेली मोट किती दिवस टिकेल, हा वॉकरचाच १९१४ चा प्रश्न होता, आणि आजूबाजूचा समुद्र बदलला की जुने संबंधही सैल होतात. १९९७ चं कोडं बरंचसं उलगडलं ते हिंदी महासागराकडे बघितल्यावर. १९९९ मध्ये जपानी आणि भारतीय शास्त्रज्ञांनी दाखवलं की आपल्या समुद्रातही पूर्व-पश्चिम अशी एक छोटी सी-सॉ आहे, आणि सुलोचना गाडगीळ आणि सहकाऱ्यांनी त्यावरच्या वाऱ्या-ढगांचा मान्सूनशी संबंध मांडला. १९९७ मध्ये ही छोटी सी-सॉ आपल्या बाजूने होती. पॅसिफिकने दाबलं, हिंदी महासागराने तारलं.

आता महासंगणकांवर समुद्र आणि हवा एकत्र सोडवणारी मॉडेलं चालतात. हॅडलीची यंत्रणा आणि वॉकरचे आकडे शेवटी एका छताखाली आले. तरीही ऑगस्ट २०२३ हा १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. देशाची एकूण सरासरी ९४ टक्क्यांवर सावरली, पण मराठवाड्यातल्या ज्याचं सोयाबीन ऐन शेंगा भरताना वाळलं त्याला त्या ९४ चं काय करायचं?

मोसमी अंदाजासाठी वॉकर नेहमीचा 'फोरकास्ट' शब्द टाळायचा. तो 'फोरशॅडोइंग' म्हणायचा, म्हणजे पुढे पडलेली सावली. आपल्याकडे त्याला फार नेमका शब्द आहे: चाहूल. पावलांचा आवाज येतोय, एवढंच सांगायचं. कोण आलंय ते दार उघडल्यावर कळेल. मला वाटतं हा प्रामाणिकपणा हीच त्याची खरी कमाई. आणि चाहूल लागल्यावर काय करायचं, ते आपल्याला १९७२ ने शिकवलंच आहे.

दर वर्षी एप्रिलमध्ये खात्याचा पहिला आकडा येतो आणि पेपर तो मोठ्या टायपात छापतात. पुढच्या वेळी त्या आकड्याशेजारी बारीक अक्षरात काय लिहिलंय ते जरूर वाचा. तिथे 'अधिक-उणे ५ टक्के' असं असतं. सिमल्याच्या त्या कारकुनांनी वीस वर्षं मान मोडून जे काम केलं त्याचं सार त्या बारीक अक्षरांत आहे.